कवतिकाचा डावा हात

कवतिका गेली तवा घरात आमी चौघं होतो. तिचा लेक सुखराम, सून भागरता, शेजारच्या पार्वताची लेक गंगू, अना मी, तिची मोठी जाऊ. महिना झाला आता. शेवटी तिचा डावा हात माह्या हातात होता, अंगठ्याचं नख झिजलेलं. त्या हाताचीच गोठ सांगतो. मी दोन बुका शिकली, बोलतो तशीच लिवून रायली.

गोठ लय जुनी, तवा गोंदियाले आगगाडी नवी होती. माहा दीर, कवतिकाचा नवरा, तापानं गेला अना सुखराम तिच्या मांडीवर होता. मालगुजाराच्या बांध्यांत रोवना करून, म्हंजे धानाचे पऱ्हे चिखलात लावून, जे धान भेटे, त्यावरच मायलेकाचं पोट. त्याच सालच्या थंडीत ढेकीवर धान कांडता कांडता तिचा उजवा हात मुसळाखाली आला. जखम भरली, पन बोटं काई वाकेनात. रोवन्याची काडी धराची तरी कशी?

आषाढात ती डाव्या हातानं लावाले गेली. रोवन्यात बाया रांगेनं वाकून मांगं मांगं सरकतेत, जिची तिची पात वेगळी. एखादीचा हात धिमा असला का बाजूच्या दोघी तिच्या मांगून आपल्या पाती जोडून टाकतेत. मंग ती मधात कोंडते, चारी बाजूनं हिरवे पऱ्हे, अना बाया हासतेत. कवतिका पयल्याच दिवशी कोंडली. वरून तिच्या काड्या उपडून पान्यावर तरंगल्या. पार्वता तवा रोवन्याच्या बायाइची पुढारीन होती. ती मनली, "पाहा वो, मेंढी कोंडवाड्यात गेली! उद्या घरीच बस, चारा आनून देतो." साऱ्या हासल्या, कवतिकाही हासली... घरी येऊन मातर तिनं चूल पेटवली नाही. त्या साली माह्या घरच्या पेजेत तिचं अना पोराचं भागवलं.

मंग रोज सकाळी अंगनामांगं, न्हानीचं पानी जाई तिथं, ती चिखल करे अना डाव्या हातानं गवताच्या काड्या लावे. संध्याकाळी उपडून पाहे.

मी मनली, "काऊन वो, गाय तं नाही आपल्या घरी, गवत कायले लावून रायली?"

"सवयीले धानाचे पऱ्हे कोन देते मले?"

तापानं फनफनली होती तवाही भिंत धरून गेली. मी चिडली. तं मनली, "बाई, रोज पुरी पात लावली पायजे असं थोडीच हाये? एक काडी लावतो. हाताले विसरू देत नाही." एकच काडी लावली अना येऊन पडली. मी कितीक उपास धरले अना सोडले... हिनं ती एक काडी सोडली नाही.

दुसऱ्या आषाढात ती परत रांगेत उभी राहिली. पार्वता मनली, "आली का मेंढी?"

"आली वो काकी. यंदा चारा खाऊन आली."

त्या दिवशीही कोंडली. पन मधली सारी जागा एकटीनं लावली, मंगच बाहेर आली. मालगुजाराच्या दिवानजीनं एक काडी ओढून पाहिली. उपडली नाही. "उद्या ये," मनला. तेवढंच. त्या दिवशी सुखराम पोटभर भात खाऊन झोपला.

सालं गेली. कवतिका पुढारीन झाली, पार्वता म्हातारी बुडी झाली, तिची कंबर वाकेना. एका दिवशी दोन पोरी दोन्हीकडून बुडीले कोंडाले निघाल्या, खुसखुसून हासून रायल्या. कवतिका तिच्या बाजूले आली अना डाव्या हातानं तिच्या पातीत लावू लागली. पार्वता खवळली, "माह्या पातीत कायले हात घालून रायली वो? मी मेली काय?"

"नाही वो काकी. डावखोरी हाये मी, माही पात वाकडीच जाते."

बुडीनं पुढची काडी लावली. साऱ्या बायाइले मालूम होतं, कवतिकाची पात सुतासारखी राहे. पन कोनी तोंड उघडलं नाही. पार्वता रोवन्याले येत होती तवरिक कवतिकानं तिची बाजू सोडली नाही.

आता रोवने लागले हायेत. बायाहो, तुमच्या बाजूची मांगं पडली तं तिले कोंडू नोका. दोन काड्या तिच्या पातीत लावा, अना काई बोलू नोका.