सुधाला मारलेली हाक

बांधण्याआधी विटा पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात. बादलीतली वीट बुडबुडे सोडते, तेव्हा खालून कुणी काही सांगू पाहतंय असं वाटतं.

माझी बायको सुधा गेली, हे शेजारच्या काकूंच्या लक्षातच राहत नाही. रोज संध्याकाळी त्या वाटीत काहीबाही घेऊन तारेच्या कुंपणाशी येतात आणि हाक मारतात, "सुधा, ए सुधा!" आधी मी त्यांना सांगायचो. दर वेळी त्या ते पहिल्यांदाच ऐकायच्या आणि रडायच्या. शेवटी मी सांगणं सोडलं आणि अंगणाला भिंत घालायला घेतली. गवंडी बोलावला नाही. भिंत कशासाठी, हे त्याला काय सांगणार होतो?

काल शेवटचा थर लावला. संध्याकाळी हाक आली नाही. बरं वाटायला हवं होतं, पण माझे कान तिकडेच लागून राहिले. मग पलीकडून हळूच आवाज आला, "सुधा, भिंत का गं घातलीस? माझं काही चुकलं का?"

सिमेंट अजून ओलंच होतं. मी वरच्या विटा उचलून खाली ठेवल्या आणि हात पलीकडे केला.

"ती आत आहे, काकू. द्या वाटी."