बॉनमध्ये काढलेली दृष्ट

जर्मनीची राजधानी बघायची म्हणून मी बॉनला गेले होते.

हसून घ्या, मी थांबते... झालं? कोल्हापुरात मुलींच्या शाळेत उभं आयुष्य भूगोल शिकवलेली बाई मी. मी शिकले तेव्हा पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन होती. पुढे भिंत पडली, दोन्ही जर्मन्या एक झाल्या, पुस्तकं बदलली. पण तोवर माझ्याकडे खालचे वर्ग आले होते आणि मी जिल्ह्याच्या नद्या शिकवत होते. डोक्यातला नकाशा तसाच राहिला. आणि त्या काळची मी, म्हणजे साठीतली अतिशहाणी, खांद्याला पर्स आणि जिभेला धार, कुणाला विचारून खात्री करणार? छे! मी बाई स्वतःच्या हाताने इंटरनेटवर दोन रात्रींची खोली ठरवली, रद्द केली तर पैसे बुडणारी, आणि मग थाटात जाहीर केलं, "आम्ही दोघी राजधानी बघून येतो."

जावई, अनिकेत, गरीब स्वभावाचा. तो हळूच म्हणाला, "आई, राजधानी बर्लिन आहे. बॉन पूर्वी होती."

"मला माहीत आहे!" मी म्हटलं. "बर्लिनला काय, कुणीही जातं."

"गेनाऊ, आई, अगदी बरोबर," तो म्हणाला आणि लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसला. त्याचे खांदे हलत होते, ते मला दिसलं.

इथल्या या भुताखेतांच्या धाग्यावरचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आणि खरं सांगायचं तर फिदीफिदी हसते. घाटातली लिफ्ट मागणारी बाई, आपोआप वाजणारे पैंजण... एकाच भुताने सगळ्या महाराष्ट्रात ड्युटी लावून घेतल्यासारखं वाटतं. माझा यातल्या कशावर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. माझ्या अनुभवातही एक बाई आहे, पण ती पंजाबी ड्रेसवर लोकरी कानटोपी घालून होती आणि तिचे पाय सरळ होते. ती माझी विहीण.

त्याचं असं झालं. माझी मुलगी मुक्ता बाळंत झाली, कायझर्सलाउटर्नला. अनिकेत तिथल्या एका संशोधन संस्थेत कामाला. बाळंतपणाला मी कोल्हापूरहून गेले आणि नातीचं तोंड बघायला विहीणबाई पुण्याहून आल्या. एका छोट्या फ्लॅटमध्ये दोन आज्या! विहीणबाई म्हणजे उपास, अंगारकी आणि उठता बसता दृष्ट काढणं. बाळाला शिंक आली की काढ दृष्ट. मी म्हणजे विज्ञाननिष्ठ वगैरे. आमचं रोज काहीतरी चालायचं, पण मुख्य भांडण मिठावरून. मी आमटी केली की त्या एक घास घ्यायच्या, चमचा खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "सुधाताई, ही कोल्हापूरची आमटी की अरबी समुद्राची?"

आता खरी गोष्ट. ती तेव्हा कुणालाच माहीत नव्हती, मुक्तालासुद्धा. जर्मनीला जायच्या आधी मला साधी सर्दी झाली होती. सर्दी गेली आणि जाताना माझा वास आणि चव दोन्ही घेऊन गेली. अलीकडे त्या साथीनंतर सगळ्या जगाला हे कळलं, पण तेव्हा मी कुणाला सांगितलं असतं तर म्हातारी चळली म्हणाले असते. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही. ज्या बाईच्या मसाल्याला अख्ख्या गल्लीत नाव होतं, ती अंदाजाने मीठ टाकत होती. मिरची तेवढी झोंबायची, म्हणून मी पर्समध्ये लवंगी मिरच्यांची पुडी ठेवायचे. काहीतरी तोंडात आहे एवढं तरी कळायचं.

त्याचंही मला फार वाटत नव्हतं. स्वयंपाक काय, निभतो. पण नात... मुक्ता बाळाचं डोकं माझ्या नाकाशी आणायची. "आई, जावळाचा वास बघ ना! हा वास बाटलीत भरून ठेवावा असं वाटतं." मी डोळे मिटायचे, म्हणायचे, "आहाहा." आणि मला काही म्हणजे काही यायचं नाही. कापडाची बाहुली हुंगल्यासारखं. चार आठवड्यांनी मी परत जाणार आणि तो वास कुणासाठी थांबत नाही. मुलं मोठी होतात, जातो.

मिठाची भांडणं वाढली तेव्हा मुक्ता म्हणाली, "तुम्ही दोघी मिळून दोन दिवस कुठेतरी जाऊन या बघू." म्हणून ही राजधानी.

मैन्झला गाडी बदलून, ऱ्हाइनच्या काठाकाठाने आम्ही बॉनला पोचलो. गाव बघून मी मनात म्हटलं, ही राजधानी? आमच्या कोल्हापुरात याहून मोठा रुबाब. बाजाराच्या चौकात भाजीवाले, पेठेतल्यासारखी शांत गल्ली, सायकलवरून जाणारे आजोबा. देशाचा कारभार इथून चालायचा म्हणे! एखाद्या हेडमास्तरीणबाईने निवृत्त होऊन गावी कुंड्यांना पाणी घालत बसावं, तशी ती नगरी. तिला कुणी विचारत नाही आणि तिलाही त्याचं काही नाही. एका थोर संगीतकाराचं जन्मघर तिथे आहे, ते बघितलं. त्याला ऐकू येत नसतानाही तो संगीत रचायचा, असं तिथे लिहिलं होतं. विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे काही लोक चव कळत नसताना स्वयंपाक करतात, तसंच हो."

मी उत्तर द्यायला वळले. पण त्या पुढच्या दालनात गेल्या होत्या.

दुपारी एका जुन्या खानावळीत जेवलो. विहीणबाईंनी बटाट्याच्या किसाच्या तळलेल्या टिक्क्या घेतल्या, वर सफरचंदाचा गोड लगदा. मी मांसाचं काहीतरी काळंभोर घेतलं, सोबत बटाटे आणि पुन्हा सफरचंद. या लोकांना सफरचंद कुठे घालावं याचा धरबंद नाही. मी परीक्षकासारखी मान डोलवत होते. "मिरं कमी आहे. पण जायफळ छान उतरलंय." काय फेकत होते देव जाणे. मग कॉफी आली. मी अर्धी प्याले.

"कशी आहे हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"उत्तम. साखर अगदी बेताची."

त्यांनी टेबलावर मिठाच्या कागदी पुड्या मांडल्या. सगळ्या फाडलेल्या, रिकाम्या.

"साखर नाही हो सुधाताई, मीठ. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा घातलं." त्या हसल्या नाहीत, तेच वाईट. "कधीपासून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जावळापर्यंत. त्या बाईसमोर, जिच्यासमोर मी कधी चमचा पडलासुद्धा कबूल केला नव्हता. त्या ऐकत राहिल्या, मग पर्सची चेन लावत म्हणाल्या, "नजर लागलीय. चला, तिन्हीसांजेला काढू."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अडाणी, खुळचट, पुण्यात राहून काय उपयोग वगैरे. त्यांनी कानटोपी कानावर ओढून घेतली, म्हणजे ऐकायचा प्रश्नच मिटला.

आमची जागा नदीजवळ होती. एक खोली आणि कोपऱ्यात छोटा ओटा, विजेची शेगडी, टोस्टर. वर घरमालकीणबाई राहायच्या. छतावर बरोबर ओट्याच्या डोक्यावर धुराची घंटा, तिला ते राउखमेल्डर म्हणतात. मुक्ताने निघताना बजावलं होतं, "आई, तिथे फोडणीबिडणी करू नका. तो राउखमेल्डर जरासा धूर झाला तरी किंचाळतो आणि मग अग्निशमनवाले येतात."

विहीणबाईंनी मला खुर्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसवलं. पूर्व कुठली ते मीच सांगितलं, भूगोलाचा तेवढा उपयोग झाला. त्यांनी मुठीत मीठ आणि मोहरी घेतली. मोहरी पुण्याहून आणलेली, बाळासाठी. मिरच्या माझ्याच पुडीतल्या. मूठ डोक्यापासून पायापर्यंत उतरवत पुटपुटायला लागल्या. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची... शेवटी काहीतरी अगदी हळू म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"तुम्हाला काय करायचंय? गप्प बसा."

मग त्यांनी मूठ वाटीत सोडली, माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर नेऊन बोटं मोडली. कडाकड मोडली, दहाही. आणि वाटीतलं सगळं तापलेल्या तव्यात टाकलं.

मोहरी तडतडली. मिरच्या फुगल्या, काळ्या झाल्या, धूर निघाला. मी पदराने नाक दाबून तयारच होते. वास येत नसला तरी ठसका लागायला हवा ना? मिरची झोंबतेच. आमच्याकडे एक लवंगी चुकून चुलीत पडली तर शेजारची म्हैस खोकते. इथे धूर छतापर्यंत गेला, राउखमेल्डरच्या भोवती घुटमळला... आणि काही नाही. मला ठसका नाही, त्यांना नाही, घंटेला नाही. निळा धूर आणि शांतता. मिरच्यांचा कोळसा होईस्तोवर.

"बघितलंत?" विहीणबाई म्हणाल्या. "नजर असली की मिरच्यांची खाट येत नाही, ठसका लागत नाही."

"घंटा बिघडलीय आणि मिरच्या जुन्या आहेत," मी म्हटलं. त्यांनी तवा घासला, हातपाय धुतले आणि न जेवता झोपल्या. मीही झोपले. चडफडत.

सकाळी मी न्हाणीघरात केस विंचरत होते. आणि मी ओरडले, "अहो विहीणबाई, काहीतरी करपतंय!"

कंगवा हातात तसाच. हे कोण बोललं? मीच बोलले होते. करपल्याचा वास येत होता. मला!

बाहेर येऊन बघते तर विहीणबाई टोस्टरसमोर उभ्या. तोंड जवळजवळ त्याच्यावरच, नजर खिडकीतून नदीकडे. पावाच्या एका कापातून धुराची बारीक रेघ निघत होती, त्यांच्या नाकासमोरून वर जात होती, आणि त्या ढिम्म. तेवढ्यात राउखमेल्डर किंचाळला. अख्खी इमारत उठवेल असा. एका पावाच्या कापाला!

घरमालकीणबाई गाऊनमध्ये धावत खाली आल्या, स्टुलावर चढून घंटा बंद केली. मी तोवर तो काळा टोस्ट उचलून खात होते. कडू! काय कडू होता म्हणून सांगू... मी खात होते आणि रडत होते. त्या बाईंना वाटलं असेल, भारतात हाच नाश्ता असेल. मी त्यांना मोडक्या इंग्रजीत विचारलं, घंटा बिघडली होती का? छे, म्हणाल्या, मी परवाच तपासलीय. काल संध्याकाळी वर काही वास, धूर? नाही म्हणाल्या. त्या खिडकी उघडी टाकून वाचत बसल्या होत्या, काहीच नाही.

दुसऱ्या रात्रीचे पैसे बुडवून आम्ही त्याच दिवशी निघालो. परतीच्या गाडीत मी डब्यातल्या प्रत्येकाच्या जेवणाचा वास घेत होते आणि विहीणबाईंना सांगत होते. लसूण! चीज! पलीकडच्याचे मोजे! त्या हसत होत्या, फार बोलत नव्हत्या.

घरी गेल्यावर चपला काढायच्या आधी मी नातीला उचललं. तो वास कसा होता ते मी सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

मग मुक्ताने बाळ विहीणबाईंकडे दिलं. त्यांनी जावळाला नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आहाहा." तो आहाहा माझा होता. एक क्षण जास्त मिटलेले डोळे, नाकपुड्या जागच्या जागी. आठवडेच्या आठवडे मी तोच केला होता. दुसरं कुणी फसेल, मी कशी फसेन?

संध्याकाळी मी त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्या प्याल्या. म्हणाल्या, "आलं छान उतरलंय." चहात आलं नव्हतं.

नंतर पुण्यात विहीणबाईंनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं, सर्दीचा मागमूस नाही, म्हणाले वयानुसार होतं. एका रात्रीत होतं का, विचारलं तर म्हणाले योगायोग. असेल बापडा. मी दुसरं काय म्हणणार? मी विज्ञाननिष्ठ. धुराने ठसका का लागला नाही, घंटा का वाजली नाही, आणि माझं गेलेलं त्यांच्याकडे कसं गेलं, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. नात आता शाळेत जाते, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते. विहीणबाईंना अजूनही कशाचा वास येत नाही.

पण त्या संध्याकाळी, चहाचा कप त्यांच्या हातातून काढून घेत मी विचारलं होतं, "काय पुटपुटलात तुम्ही तेव्हा? खरं सांगा. बसा इथे, मी तुमची दृष्ट काढते, आत्ताच्या आत्ता." माझा आवाज चिरकला. बाहेर मुक्ता बाळाला झोपवत होती, म्हणून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग कानटोपी सारखी केली आणि म्हणाल्या,

"काढू नका हो सुधाताई, परत तुमच्याकडे जायचं. मी माझ्या लेकाचं जावळ पोटभर हुंगलंय. आणि अजून तीन आठवडे मला तुमच्याच हातचं जेवायचंय, तर हे बरंच झालं म्हणायचं."