पहिले पाच मिली

“सर, सातव्यांदा करायले मी. तेवढंच यायलंय,” संगीता म्हणाली.

मी सकाळीच हैदराबादहून परभणीच्या आमच्या नव्या लॅबमध्ये आलो होतो. संगीता तिथली अ‍ॅनालिस्ट. ताडकळसहून रोज बसने यायची, अजून प्रोबेशनवर होती. काम मेथड ट्रान्सफरचं. म्हणजे गोळीतलं औषध मोजायची एका लॅबची पद्धत दुसऱ्या लॅबमध्येही तोच आकडा देते, हे सिद्ध करायचं. हैदराबादेत त्याच गोळ्यांतलं औषध बरोबर भरलं होतं. संगीताचा आकडा चार टक्क्यांनी कमी.

बॉसने फोनवर निकाल देऊन टाकला. “अ‍ॅनालिस्ट एरर लिही आणि दुसरं कोणी बसव.”

खरं सांगायचं तर तसा मसुदा मी रेल्वेतच केला होता. पण सहीला पुरावा लागतो, म्हणून प्रयोग आखला. नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिल्या दिवशी मशीन, पाणी, गोळ्यांची भुकटी सगळं तेच ठेवलं. फक्त माणसं दोन. माझा आकडा बरोबर आला, तिचा कमी. मशीन आणि पाणी संशयातून सुटलं. संगीताने त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी काम मधोमध तोडलं. तिने विरघळवलेलं मी गाळलं, मी विरघळवलेलं तिने. तिचं द्रावण बरोबर भरलं, माझं कमी. म्हणजे घोळ गाळण्यात होता.

“माझ्यासमोर गाळ बरं.”

तिने सिरिंजला फिल्टर लावला आणि पहिल्या थेंबापासून बाटलीत घेतलं. फिल्टर सुरुवातीला थोडं औषध स्वतःच धरून ठेवतो.

“पहिले पाच मिली टाकून दिले नाहीस?”

“कुठं लिहिलंय सर?” तिने पद्धतीची पानं पुढे सरकवली. “तुमी लिहिलंय तेवढंच करायले मी.”

मी तीनदा वाचलं. नव्हतं. खाली लेखक म्हणून सही माझी होती. माझा हात ते पाच मिली इतकी वर्षं न विचारता टाकत आला होता.

बॉसला फोन केला. “चूक पद्धतीत आहे.”

“लिहिली कोणी?”

“मी.”

“मग सुधार.”

संगीताची मी माफी मागितली. ती म्हणाली, “ठीक हाय सर. ती ओळ तेवढी आजच टाका.”

ओळ टाकली. आकडे जुळले. महिनाभराने ती कायम झाली.

आता नवी पद्धत लिहिली, की ती कधीच न केलेल्या माणसाच्या हातात देतो आणि शेजारी गप्प बसतो. पद्धत लिहिण्यापेक्षा ते गप्प बसणं अवघड जातं.