खाणं सुटलं म्हणून गेले

वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आष्ट्याला ऊस बघत राहिले. गेल्या वर्षी त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही यकृतात पसरल्यावर. मी शाळेतून रजा काढून सांगलीहून त्यांच्याकडे राहायला गेले.

पुढचे दोन महिने घरात एकच विषय होता, त्यांचं जेवण. माधवनगरची आत्या यायची ती डबा घेऊनच. "आगं, पोटात काय न्हाई गेलं तर माणूस जगंल कसा? तुमी नीट भरवत न्हाईसा." मग आई मऊ भाताचा चमचा त्यांच्या तोंडाशी न्यायची. "आता न्हाई जात," म्हणत ते मान फिरवायचे.

डॉक्टरांनी मला समजावलं होतं, "खात नाहीत म्हणून ते खंगतायत असं समजू नका. आजारच अंग झिजवतोय, भूकही त्यानंच मारलीय. बळजबरी करू नका." मी हे घरी चार वेळा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. खरं तर मीही अधूनमधून चमचा घेऊन बसायचेच.

एका रविवारी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली सुजलेला दिसला. आत्या म्हणाली, "पडून पडून पायात पाणी झालंय." मी पायाखाली उशी दिली. गुरुवारी दवाखान्यात जायचंच होतं, तेव्हा दाखवू म्हटलं. मंगळवारी दुपारी ते संडासाहून आले, कॉटवर टेकले, "दम लागलाय गं" म्हणाले आणि पाच मिनिटांत सगळं संपलं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असावी. या कॅन्सरमध्ये रक्त गोठतं, असं बऱ्याचदा होतं.

"मग पायाकडं लक्ष ठेवा असं आम्हाला कुणी का सांगितलं नाही? आहाराचा कागद तेवढा दोनदा दिलात."

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. यावर भांडायचं तरी काय.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, खाणं सुटलं म्हणून गेले. पहिल्या दोघा-तिघांना मी गाठीचं सांगितलं. ते मान डोलवायचे आणि दारात भेटलेल्या माणसाला पुन्हा तेच सांगायचे. मी आईवर चिडले, "तू तरी सांग की त्यांना."

ती म्हणाली, "त्या सकाळी मी त्यास्नी लय बोलले. दोन घास खाईनात म्हणून ताट आपटलं."

मी तिला डॉक्टरांचं सगळं परत सांगितलं. ती "व्हय" म्हणाली. तिला पटलं नव्हतं.