ये माऊ

देवघरासमोर हात जोडून उभं राहायचं आणि मनात मात्र भांडायचं, असं मी जवळजवळ दोन वर्षं करत होते. भांडण एकाच गोष्टीवरून होतं. आमच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जन्मभर देवाचं मनापासून केलं आणि त्याने त्यांच्याच डोक्यातून एकेक गोष्ट काढून न्यायला सुरुवात केली. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग जेवलो की नाही हेही आठवेना. दिवाळीनंतर त्या मला ‘अहो’ म्हणायला लागल्या. पंचवीस वर्षं ज्यांनी मला ‘अगं’ म्हणून हाक मारली, रागावल्या, लाड केले, त्या एका सकाळी मला म्हणाल्या, ‘‘अहो बाई, तुम्ही कुठल्या? चहा घ्या ना.’’ मी चहा घेतला. तो मीच केला होता. त्या संध्याकाळी मी निरांजन लावलं नाही आणि पुढेही लावलं नाही.

जर्मनीत, रेगेन्सबर्गमध्ये येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली. आमचे हे इंगोलश्टाटच्या गाड्यांच्या कारखान्यात, रोज भल्या सकाळी गाडी घेऊन निघतात. मी घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. सासरे गेल्यावर आई आमच्याकडे आल्या तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती. तिचं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण आईंनी पहिल्या दिवशीच तिला माऊ केलं आणि ती माऊच राहिली. आता ती हायडेलबर्गला शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये.

माऊच मला सांगत होती की आजीसाठी टागेसफ्लेगे बघ. म्हणजे दिवसभर वृद्धांना सांभाळतात ते केंद्र. सकाळी न्यायला गाडी येते, संध्याकाळी आणून सोडतात. आजीच्या जॅकेटला आतून नाव-पत्ता तरी शिवून ठेव, असंही म्हणाली. मी तिला फोनवर चांगलंच झापलं. आजी म्हणजे काय बालवाडीतलं पोर आहे? माझ्या घरचं माणूस सांभाळायला मी समर्थ आहे. त्या बोलण्यात माया किती होती आणि मिजास किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. काम, स्वयंपाक, आईंची औषधं, आईंची आंघोळ, सगळं मी एकटी रेटत होते आणि कोणी हात पुढे केला की मला तो अपमान वाटायचा. मी बसणारी बाई नाहीच. आई चांगल्या होत्या तेव्हा दिवसातून दहा वेळा म्हणायच्या, ‘‘अगं, टेक की जरा.’’ मी म्हणायची, हो आई, एवढं झालं की टेकते. ते ‘एवढं’ कधी झालं नाही.

हिवाळ्यात आईंनी एक नवीनच सुरू केलं होतं. दुपारी अडीच-पावणेतीनला त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या आणि बाहेर बघून म्हणायच्या, ‘‘ये माऊ. ये माऊ.’’ शेजाऱ्यांचं एक लठ्ठ मांजर त्या वेळी आमच्या कुंपणावरून जातं. मला वाटायचं, त्या मांजराला बोलावताहेत. एकदोनदा मी वैतागून म्हटलंही, ‘‘अहो आई, ते आपलं मांजर नाही, नका बोलावू.’’ मग त्या माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघायच्या.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी पार्सलवाला आला. मी पार्सल घेतलं, दार लोटलं आणि कानाला हेडफोन लावून मीटिंगला पळाले. किल्ली फिरवायची राहिली. पाऊण तासाने बाहेर आले तर घर शांत होतं. खिडकीशी कोणी नव्हतं. आईंचं जॅकेट नव्हतं आणि त्यांच्या काळ्या बुटांपैकी एकच जागेवर होता.

तळघर बघितलं, अंगण बघितलं, कोपऱ्यावरचं सुपरमार्केट बघितलं. यांना फोन केला, हे ताबडतोब निघाले, पण यायला तास लागणार. पोलिसांना फोन केला. फोनवरचा माणूस शांत आणि भला होता. काय घातलंय, उंची किती, सगळं विचारून झाल्यावर त्याने विचारलं, ‘‘त्यांना जर्मन येतं का?’’ मी म्हटलं, बाजारापुरतं यायचं, आता गेलं. ‘‘मग कोणी विचारलं तर त्या काय सांगतील?’’ बाहेर शून्याच्या खाली तापमान, पायात धड दोन बूट नाहीत आणि आपलं नाव सांगता न येणारी बाई.

मग मी माऊला फोन लावला. कशासाठी, ते माहीत नाही, ती काही करू शकणार नव्हती. बहुतेक कोणाजवळ तरी रडायचं होतं. ती रडू न देता विचारत राहिली. किती वाजता गेली? पावणेतीनच्या सुमारास. रोज त्या वेळी काय करते? खिडकीत उभी राहून मांजराला बोलावते, ‘ये माऊ’ म्हणून. मग ती हळूच जर्मनमध्ये म्हणाली, ‘‘ममा, ते मांजर नाही. ती मी आहे. ओमा मला किंडरगार्टनमधून आणायला गेलीय.’’

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. चार वर्षं, ऊन असो बर्फ असो, आई दुपारी तीनला माऊला आणायला जायच्या. आम्ही तेव्हा डोनाऊ नदीच्या पलीकडे राहत होतो. फाटकाशी हात पसरून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, ‘ये माऊ!’ तिथल्या पोरांना वाटलं, हेच या आजीचं नाव. ओमा म्हणजे आजी, म्हणून त्या दिसल्या की सगळी पोरं ओरडायची, ‘‘ओमा येमाऊ आली!’’ आईंना त्याचं फार कौतुक होतं. डब्यातली शंकरपाळी सगळ्यांना मिळायची. हे सगळं मला माहीत होतं. तरी मला मांजरच दिसलं.

पोलिसांना जुना पत्ता कळवून मी बसने पलीकडे गेले. किंडरगार्टन तिथे राहिलेलं नव्हतं. ती बैठी इमारत पाडून नवे फ्लॅट झाले होते आणि फाटकाच्या जागी गॅरेजचं शटर. मी आजूबाजूचे रस्ते पालथे घातले, ‘आई, आई’ म्हणून हाका मारल्या, भेटेल त्याला मोबाईलवरचा फोटो दाखवला. चार वाजून गेले होते, उजेड उतरू लागला होता. शेवटी त्याच रस्त्यावरच्या बसस्टॉपशी आले. मी बाकावर बसले. देवाशी दोन वर्षं भांडत होते, त्या दिवशी भांडायचंही त्राण नव्हतं. मी एवढंच म्हटलं, मला नाही जमत. आता तू बघ.

आणि मी समोर बघितलं. रस्त्याच्या पलीकडे कपडे दुरुस्त करून देणारं एक लहानसं दुकान होतं. त्यावरून मी तीनदा गेले होते. काचेच्या आत लग्नाचे पांढरे झगे टांगलेले होते, त्यामुळे उभ्याने आतलं काही दिसत नव्हतं. पण बसल्यावर झग्यांच्या झालरीखाली वीतभर जागा दिसत होती आणि त्या जागेत दोन पाय होते. एका पायात काळा बूट आणि दुसऱ्यात माझी घरातली निळी सपात. पाय मजेत हलत होते.

आत गेले तर आई खुर्चीत बसून केळं खात होत्या. खांद्यावर कोणाची तरी लोकरीची शाल होती. शेजारी साठीची, ठेंगणी, केस आवळून बांधलेली एक बाई त्यांचा हात हातात घेऊन बसली होती. मी ‘आई’ म्हणाले. ती बाई उठली, तिने मला माझं नावगाव काही विचारलं नाही. आपली खुर्ची पुढे करून म्हणाली, ‘‘हं, आधी बसा.’’ मी बसले आणि हमसून हमसून रडले. आई मला थोपटत म्हणाल्या, ‘‘रडू नका हो बाई. येईल तुमचंही पोर. सुटते आता शाळा.’’

यांना आणि पोलिसांना कळवून झाल्यावर तिने चहा केला. तिचं नाव सोखा. कंबोडियातून विशीत इकडे आलेली, इथल्याच एका माणसाशी लग्न केलेलं, तो आता हयात नाही. ती म्हणाली, ‘‘आज मी लवकर बंद करून निघाले होते. दाताच्या डॉक्टरांची वेळ होती. कोट अंगात, किल्ली हातात. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला कोणीतरी येय माऊला हाक मारली. चाळीस वर्षांत या गावात ही हाक मी ऐकलेली नाही. मग कशी जाणार?’’

मला काहीच कळलं नाही. तिने शिलाई मशीनच्या वरच्या फोटोकडे बोट दाखवलं. त्याच्यापुढे उदबत्ती होती आणि केळ्यांची फणी. त्यातलंच एक आईंच्या हातात होतं. फोटोत धुक्यातला डोंगरमाथा आणि त्यावर बसलेली एक प्रचंड स्त्रीमूर्ती. पायथ्याशी उभी असलेली माणसं बोटाएवढी दिसत होती. ‘‘ही येय माऊ,’’ सोखा म्हणाली. ‘‘येय म्हणजे ओमा.’’

सोखाचं माहेर तिथल्या समुद्रकाठचं. तिकडे प्रवासाला निघालेला माणूस घाटात थांबतो, येय माऊला उदबत्ती लावतो, केळी ठेवतो आणि मगच पुढे जातो. तिच्या गोष्टी अनेक आहेत. सोखाच्या आईने सांगितलेली अशी की तिचा नवरा लढाईवर गेला, ती त्याला शोधायला निघाली आणि वाटेतच गेली. कोणी म्हणतं वादळात, कोणी म्हणतं वाघाने नेलं. ‘‘ती स्वतः पोचली नाही ना, म्हणून ती दुसऱ्यांना पोचवते, असं आई म्हणायची. आधी तिची लहान लहान देवळंच होती रस्त्याकडेला. ही मोठी मूर्ती अलीकडे बांधली, बोकोरच्या डोंगरावर. भावाने फोटो पाठवला.’’

ओमा येमाऊ. मला किंडरगार्टनच्या फाटकावरची ती पोरं आठवली. मी सोखाला ते सांगितलं. ती हसली, मग तिचे डोळे भरले, मग आम्ही दोघीही हसलो. आईंनी केळ्याचं साल नीट घडी करून माझ्या हातात दिलं.

हा योगायोग होता का, असं आमच्या यांनी नंतर विचारलं. असेलही. मी इंजिनियर आहे, दोन भाषांतले दोन शब्द सारखे ऐकू येऊ शकतात हे मला समजतं. मी वाद घालत नाही. माझ्या सासूबाईंना रस्त्यात उपयोगी पडेल असं सगळं नेऊन देवाने दोनच शब्द मागे ठेवले होते, आणि नेमके तेच दोन शब्द त्यांना उबेत घेऊन गेले, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्या रात्री मी निरांजन लावलं.

पुढच्या आठवड्यात सोखाने आईंच्या जॅकेटला आतून नाव-पत्ता शिवून दिला. इतका सुबक की मला माझ्या हट्टाचं हसू आलं. आई आता आठवड्यातून दोन दिवस टागेसफ्लेगेला जातात. तिथल्या बायकांना त्यांनी फुगडी शिकवायचा प्रयत्न केला म्हणे. बुधवारी दुपारी सोखा येते आणि मी त्या वेळात काहीही करत नाही. हे शिकायला मला फार जड गेलं. आईंच्या ओठांवर ‘ये माऊ’ आलं की मी आता खिडकीशी जाऊन माऊला व्हिडिओ कॉल लावते, आणि ती हायडेलबर्गहून आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणते, ‘‘आले आजी, आले.’’

एप्रिलमध्ये सोखा तिकडच्या नववर्षासाठी माहेरी निघाली. जाण्याआधी ती निरोप घ्यायला आली तेव्हा मी कपाटातून हिरवा खण काढला. तिने व्यवसायाच्या नजरेने तो उलटसुलट बघितला आणि म्हणाली, एवढ्याशा कापडात होणार काय? मी तिला ओटी म्हणजे काय ते समजावत होते, तोवर आईंनी माझ्या हातातून तांदळाची वाटी घेतली. ज्या हातांना बटण लावता येत नव्हतं, त्या हातांनी सोखाला हळदकुंकू लावलं, तिच्या शालीच्या पदरात खण, सुपारी, हळकुंड ठेवलं आणि ओंजळीने तांदूळ घातले. एकही पायरी चुकली नाही. ‘‘नारळ तिकडचा घे गं,’’ मी सोखाला म्हटलं, ‘‘आणि हे सगळं येय माऊपुढे ठेव.’’

आठ दिवसांनी तिने फोटो पाठवला. धुकं, ती बसलेली मोठी आजी, आणि तिच्यापुढे केळ्यांच्या घडांमध्ये आमचा हिरवा खण. त्या वेळी मी ओट्याशी भाजी परतत होते. गॅस बारीक करून मोबाईल आईंना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग समाधानाने म्हणाल्या, ‘‘बसली बाई एकदाची. किती चालली असेल.’’

मी मोबाईल घेऊन परत ओट्याकडे वळले. मागून त्यांनी माझ्या पदराचं टोक धरल्यासारखी ओढणी धरली.

‘‘अगं,’’ आई म्हणाल्या, ‘‘तूपण टेक की जरा.’’

मी गॅस बंद केला आणि त्यांच्या शेजारी बसले.