तिसऱ्या गाण्यातली कढई

देश सोडून सेम्बावांगच्या शिपयार्डात मी वायरमन म्हणून आलो आणि सुटीच्या दिवशी मोडके अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करता करता जुन्या रेकॉर्डांचा दुकानदार झालो. हात धरून कुणी शिकवलं नाही. जे कळलं ते कानांनी कळलं. म्हणून माझ्या कानाचा अपमान मी विसरत नाही.

रॅफल्स प्लेसच्या बँकेतले एक मराठी साहेब दर शनिवारी दुकानात यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना हिट गाण्यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. ऑल्टरनेटिव्ह पॉप त्यांना मी ऐकवलं. म्हटलं, "साहेब, चाल पॉपचीच, गोड. फक्त वरचं पॉलिश खरवडून काढलंय." आधी छोट्या कंपन्या आणि कॉलेजांचे रेडिओ, मग मोठ्या कंपन्यांनी उचलून नेलेले बँड, मग लॅपटॉप आल्यावर झोपायच्या खोलीत बसून कुजबुजत गाणारी मुलंमुली, आणि आता तेच मॉलमध्ये वाजतं. ही सगळी वाट मी त्यांना एकेक रेकॉर्ड लावून दाखवली.

एकदा त्यांनी चरे पडलेली एक रेकॉर्ड निवडली. तिसऱ्या गाण्यात नुसती चरचर.

"अहो शेठ, खराब आहे ही. कमी करा."

"खराब? घरात रेकॉर्ड केलेलं गाणं आहे हे. शेजारच्या स्वयंपाकघरात गायिकेची आई तळण काढत होती. तो आवाज मुद्दाम ठेवलाय. यातच तर गंमत आहे!"

साहेबांनी डोळे मिटून तळण ऐकलं आणि सांगितलेल्या भावाला रेकॉर्ड घेतली.

काही वर्षांनी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर आलं: 'ऑल्टरनेटिव्ह पॉपची वाटचाल'. वक्ते साहेब, आणि चित्र त्याच रेकॉर्डचं. मी फोन केला. "माझा उल्लेख कराल ना?"

ते हसले. "शेठ, तुम्ही विकता. ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे."

त्याच दिवशी मी सगळी खोकी उपसून त्या रेकॉर्डची दुसरी, एकही चरा नसलेली प्रत शोधून काढली.

पाया लेबारच्या एका कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीच्या, हॉलमध्ये रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. मी शेवटच्या रांगेत बसलो. पॉलिश खरवडल्याचं माझं वाक्य साहेबांनी जसंच्या तसं उचललं. लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी तिसरं गाणं लावलं. "ऐका! आई तळतेय. अशी घरगुती अपूर्णता जपणं हाच या संगीताचा आत्मा."

"भजी असतील," एक बाई म्हणाल्या. हॉल हसला.

मी उठलो. "साहेब, हे कुठे वाचलंत?"

"एका मुलाखतीत."

"मग आता ही लावा." मी माझी प्रत पुढे केली. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? तिसरं गाणं सुरू झालं. धुतल्या काचेसारखं स्वच्छ.

"आई कुठे गेली हो?" मी विचारलं. साहेबांचा चेहरा उतरला. तो मी डोळे भरून पाहिला. मग सांगून टाकलं, "तळणाची गोष्ट मी रचली, चरे पडलेला माल खपवायला. बाकी जे तुम्ही आज ऐकलंत, तेही माझ्याच काउंटरवरचं आहे."

पुढच्या रांगेतले एक काका वळले. "म्हणजे तेही खोटंच की काय?"

हॉल पुन्हा हसला, या वेळी मला. बाकीचा शब्द न् शब्द खरा होता. पण आता तो कुणाच्या भरवशावर खरा म्हणायचा? अजूनही गिऱ्हाईक एखादी रेकॉर्ड उचलतं आणि डोळा मारून विचारतं, "यात काय तळलंय?"

कार्यक्रमानंतरच्या शनिवारी साहेब आले. "ती चांगली प्रत द्या. काय घ्याल?"

"पैसे नकोत. ग्रुपवर एक ओळ लिहा, हे संगीत ऐकायला मला यांनी शिकवलं."

"दुप्पट देतो."

"ओळ."

"अहो, लोक काय म्हणतील मला?"

"मला म्हणतात तेच."

ते निघून गेले, पुन्हा आले नाहीत. ती प्रत मी रस्त्यावरून दिसेल अशी काचेत लावली आहे, आणि कुणी कितीही दिले तरी विकत नाही. साहेबांच्या घरी तिसरं गाणं लागलं की अजून कढई चरचरते, आणि तिच्याखालचा जाळ माझा आहे.