निजलेल्या देवीचं उत्तर

तुळजापुरात पुजाऱ्याच्या घरी सून म्हणून आले तेव्हा मला स्वयंपाक बेताचाच यायचा, पण कथा सांगायला बसले की मी कुणाला आवरत नसे. आमच्याकडं उतरलेल्या यात्रेकरू बायका माझ्या पुरणपोळीला नाकं मुरडायच्या आणि कथा मात्र मागून मागून घ्यायच्या.

देवीची मूळ कथा तशी छोटी. ऋषीची बायको, नवरा गेलेला, लेकरू पदरात. ती नदीकाठी तपाला बसली, राक्षसानं तिच्यावर हात टाकला आणि देवी त्वरित धावून आली. एवढ्यानं माझं भागत नसे. मी राक्षसाला मिशा दिल्या, सुटलेलं पोट दिलं. तो ऐटीत आत शिरताना उंबऱ्याला ठेचकाळायचा. बायका हसून लोळायच्या आणि ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज यायचा.

"तपाच्या झोपडीला उंबरा कुठनं आला?"

"मामंजी, राक्षस पडायला कायतरी पायजे की!"

"पोथीत जे न्हाय ते बोलायचं न्हाय. देवीचं हाय हे. तमाशा न्हाय."

मामंजींचा जन्म देवीच्या पायाशी गेला होता. पोथीबाहेरचा शब्द त्यांना खपत नसे. माझ्या राक्षसाच्या मिशा त्यांनी कितीदा तरी भादरल्या. मी पुन्हा वाढवल्या.

अशा त्या हसत्या घरात नणंद परत आली. तिला अणदूरला दिली होती. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. गावोगाव बंदूकवाले फिरायचे, आणि तरणी माणसं हद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला निघून जायची. तिचा नवराही एका संध्याकाळी जेवून उठला, "जाऊन येतो" म्हणाला आणि गेला. पुढं मिलिटरी आली, निजामाचं राज्य संपलं, गेलेली माणसं एकेक करून घरी आली. हा आला नाही. कुणी म्हणालं, तामलवाडीच्या अंगाला दिसला होता. कुणी म्हणालं, त्याच अंगाला त्या रात्री गोळ्यांचे आवाज आले होते.

दसऱ्याला तिचा थोरला दीर आमच्याकडं आला. माणूस वाईट नव्हता. मान खाली घालून म्हणाला, "किती दिवस असं लोंबकळत ठेवायचं? भाऊ गेला असंल तर त्याचं क्रियाकर्म नको का व्हायला?" नणंदेनं हातातला हिरवा चुडा पदराखाली घेतला.

शेवटी ठरलं, चिंतामणीला विचारायचं. देवळात तो गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात अलगद टेकून प्रश्न विचारायचा. उजवीकडं वळला तर होय, डावीकडं वळला तर नाही, हललाच नाही तर थांबायचं. राजेसुद्धा मोहिमेआधी त्याला विचारत, असं सांगतात. तो सांगेल ते दोन्ही घरांनी मानायचं, असा शब्द झाला.

दसरा नुकताच सरला होता. सीमोल्लंघन करून दमलेली देवी त्या दिवसांत सिंहासनावर नसते. कोजागरीच्या पुनवेपर्यंत पलंगावर निजलेली असते. नणंदेनं दगडावर हात टेकले. "ते हायत का?" एवढंच विचारलं.

दगड सावकाश डावीकडं वळला.

दीर खालीच बसला. नणंद स्वतःच्या मनगटांकडं बघत राहिली. आणि मामंजी म्हणाले, "हे उत्तर धरायचं न्हाय."

"का?" दिरानं विचारलं.

"आई निजलीय. ती निजली की दगूड आपल्या मनानं फिरतो. पुनवेला उठू द्या तिला."

"आसं कुठं असतंय, पावणं? आमच्या गावचे लोक ह्याच दिवसांत इचारून गेलेत."

देवीची मला ठाऊक नाही अशी एकही कथा नव्हती. ही मात्र मी कधी ऐकली नव्हती. मी मामंजींकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत दटावणी नव्हती.

मग काय, मी पदर खोचला. "कुठं असतंय म्हंजे? राजांना विचारा की!" राजांनी असंच देवी निजलेली असताना विचारलं, दगड डावीकडं गेला. पुजारी म्हणाला, थांबा. सगळी फौज वेशीबाहेर थांबली. एका शिलेदाराला सर्दी झाली, त्याच्या शिंकेनं घोडी उधळली, एक घोडा तर थेट कल्लोळ तीर्थाच्या पाण्यात जाऊन पडला. पुनवेला देवी उठली आणि दगड उजवीकडं वळला!

दीर ऐकत राहिला. थोड्या वेळानं मामंजी हळूच म्हणाले, "काळा घोडा होता."

दीर उठला, पुनवेपर्यंत थांबतो म्हणाला आणि अणदूरला गेला.

पुनवेला देवी सिंहासनावर बसली. नणंद अंघोळ करून देवळात आली, दर्शन घेतलं आणि चिंतामणीवरून तशीच पुढं निघाली.

"वन्सं, विचारायचं न्हाय?"

"आत्ताच उठलीय वहिनी ती. दमलेली असंल."

मामंजींनी अणदूरला निरोप धाडला, दगड हलला नाही. हात लावला असता तर कोण जाणे.

त्यानंतर वर्षानुवर्षं देवी पलंगावर असतानाच नणंद विचारायची. डावीकडं वळला की चुडा सावरून घरी यायची आणि भाकरी थापायला बसायची. माझी राजांची कथा एव्हाना यात्रेकरू मलाच ऐकवू लागले होते, काळ्या घोड्यासकट.

मग एका दसऱ्यानंतर दगड उजवीकडं वळला. चांगला, लख्ख उजवीकडं. मी ओरडलेच, "वन्सं, हायत! ते हायत!" मामंजी आता फार थकले होते, तरी भिंतीला धरून उभे राहिले.

नणंदेनं हात काढून घेतले, पदराला पुसले. "निजलेल्या देवीचं उत्तर धरायचं नसतं, वहिनी," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत न्हवं का?"

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं, पूर्वी पाहिलं होतं अगदी तसंच. मी तोंड उघडलं. एकही कथा सुचली नाही.